दुसरी खेप

शौर्य कशास म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. शत्रूच्या अंगावर जो निर्भयपणें धावून जातो तो शूर, असें लहान मूलही सांगेल. पोवाडे ऐकत वाढलेल्या आपल्या मुलुखांत तर ह्या उत्तराबद्दल शंका घेणेंच कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि लढाईच्या मैदानावर शौर्याचें आणखीही एक रूप दृष्टीस पडतें. गोळ्यांच्या वर्षावांत पडलेल्या सोबत्यासाठीं मागें वळणारा, त्यास पाठीवर घेऊन सुरक्षित जागीं आणणारा शिपाई आपण पाहतों. त्याच्या ह्या कृतीचें मोल काय? ती शहाणपणाची म्हणावी कीं अविचाराची? आणि ज्यांनीं रणांगण कधीं पाहिलें नाहीं अशा आम्हां खेड्यापाड्यांतील माणसांनीं तिच्यापासून काय शिकावें? ह्या प्रश्नांचा विचार आज वाचकांबरोबर करावा असें आम्हांस वाटतें.

विचार हवेंत राहूं नये म्हणून घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. उत्तर इटलींत सेनिओ नांवाची नदी आहे. नदी म्हणावयाची इतकेंच. लढाईच्या जागीं तिचें पात्र सुमारें पंधरा फूट रुंद आणि पाणी चार-पांच फूट खोल होतें. पावसाळ्यांत आपल्या शिवारांतला ओढा ह्याहून मोठा होतो. परंतु तिच्या दोन्ही अंगांस तीस-पस्तीस फूट उंचीचे उभे बांध होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन सैन्यानें ह्या बांधांच्या पोटांत उंदरांनीं बिळें करावीं तशीं ठाणीं खणून ठेविलीं होतीं. बांधाच्या आंतल्या उतारावर सुरुंगांचा पट्टाही पेरलेला होता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सायंकाळीं पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीची एक कंपनी येथें चालून गेली. तिच्यांत नामदेव जाधव नांवाचे तेवीस वर्षांचे एक शिपाई होते. ते निमज गांवचे. निमज हें त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील गांव होय. कंपनीच्या अधिकाऱ्याचे निरोप इकडून तिकडे पोंचविणें हें त्यांचें नेमलेलें काम.

अधिकारी आणि त्याच्याबरोबरची लहानशी टोळी पाण्यांतून चालत पैलतीरास लागते न लागते तोंच निदान तीन ठाण्यांतून मशीनगनचा मारा सुरू झाला. कंपनीचा अधिकारी व दोन शिपाई जखमी होऊन पडले. बाकीचे सारे जागच्या जागीं ठार झाले. धडधाकट उरले ते एकटे जाधव. त्यांनीं एका जखमी शिपायास उचललें, खोल पाण्यांतून नेलें, उभ्या चढणीवरून वर चढविलें, सुरुंगांचा पट्टा ओलांडला, आणि त्यास सुरक्षित जागीं ठेविलें. मग ते पुन्हा खालीं उतरले, पुन्हा पाण्यांत शिरले, आणि दुसऱ्या जखमी शिपायास त्याच वाटेनें घेऊन आले. दोन्ही खेपांस उखळी तोफांचा व मशीनगनचा मारा चालूच होता.

त्यानंतर काय घडलें तें पुढें सांगूंच. येथें वाचकांनीं थोडें थांबावें आणि ह्या दोन खेपांतील दुसऱ्या खेपेकडे नीट पाहावें अशी आमची विनंती आहे.

पहिली खेप कशी घडते ह्याची कल्पना आपणांस करतां येते. सोबती डोळ्यांदेखत पडतो, तो कण्हतो, आणि मनास विचार करावयास वेळ मिळण्यापूर्वींच हात पुढें होतात. विहिरींत मूल पडलें असतां पोहतां न येणाराही कधीं कधीं उडी घेतो, त्यांतलाच हा प्रकार. ही प्रवृत्ति उदात्त आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु जो मनुष्य एकदां त्या पाण्यांतून जाऊन आला, ज्यानें गोळ्यांचा आवाज कानाजवळून ऐकला, सुरुंग कोठें असतील हें ज्यास पावलागणिक चाचपावें लागलें, आणि जो आतां सुरक्षित जागीं येऊन उभा आहे, त्यास दुसऱ्या खेपेचें मोल पुरतें ठाऊक असतें. त्यानें आतां बसून राहावें म्हटलें तर कोण त्यास दोष देईल? एकास वांचविलें, कर्तव्य झालें, उलट त्याची पाठ थोपटली जाईल. तरीही तो वळतो. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं पहिली खेप पुष्कळदां स्वभावाची असते, परंतु दुसरी निश्चयाची असते. मनुष्याची खरी परीक्षा ह्या दुसऱ्या खेपेंत होते.

हें आमचें म्हणणें एकाच गोष्टीवर उभें नाहीं. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें फोकिसार गांवाजवळ २५ सप्टेंबर १९१५ रोजीं कुलबीर थापा नांवाचे एक गुरखा शिपाई स्वतः जखमी झालेले असतां जर्मनांच्या पहिल्या खंदकाच्या मागें त्यांस लीस्टरशायर पलटणीचा एक गोरा शिपाई गंभीर जखमी होऊन पडलेला आढळला. तो त्यांस म्हणाला कीं तूं आपला जीव वांचीव. परंतु थापा तो सारा दिवस आणि ती सारी रात्र त्याच्यापाशीं राहिले. दुसऱ्या दिवशीं पहाटे धुकें पडलें तेव्हां त्यांनीं त्यास शत्रूच्या काटेरी तारांतून बाहेर काढिलें आणि बऱ्याशा सुरक्षित जागीं ठेविलें. मग मागें जाऊन त्यांनीं दोन जखमी गुरखे एकामागून एक आणिले. आणि शेवटीं भर उजेडांत, शत्रूच्या गोळीबारांत, ते त्या गोऱ्या शिपायासाठीं परत गेले व बराचसा मार्ग त्यास उचलून घेऊन आपल्या लोकांत आले. येथें दुसरीच काय, तिसरी व चौथीही खेप झाली.

त्याच युद्धांत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, भूमीवर २१ जानेवारी १९१६ रोजीं डोग्रा पलटणीचे लान्स नाईक लाला ह्यांनीं एक लहानसा आडोसा तयार करून त्यांत चार जखमींच्या जखमा बांधिल्या. शत्रूच्या जवळ पडलेल्या दुसऱ्या पलटणीच्या एका अधिकाऱ्यासही त्यांनीं ओढून त्याच आडोशांत आणिलें. इतक्यांत त्यांच्याच पलटणीच्या अ‍ॅडज्युटंटची हांक त्यांच्या कानीं आली. तो उघड्यावर पडला होता आणि शत्रू शंभर यार्डांच्या आंत होता. लाला गेले. थंडीनें तो अधिकारी गारठूं नये म्हणून त्यांनीं आपल्या अंगावरचे कपडे काढून त्याच्यावर घातले, आणि अंधार पडण्याच्या सुमारापर्यंत ते त्याच्यापाशीं राहिले. रात्रीं त्यांनीं आधीं पहिल्या अधिकाऱ्यास मुख्य खंदकांत पोंचविलें, आणि मग स्ट्रेचर घेऊन ते दुसऱ्यासाठीं परत गेले.

ह्या तिन्ही शिपायांस व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक मिळालें. परंतु पदकाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. कारण ह्या कृत्यांविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हंसून उडवून देण्यासारखा नाहीं.

आक्षेप असा. युद्ध हा हिशेबाचा व्यवहार आहे. जो जखमी झाला तो लढण्याच्या कामांतून गेला. कदाचित तो तासाभरांत मरणारही असेल. त्याच्यासाठीं धडधाकट शिपाई पाठविला आणि तोही पडला तर एकाचे दोन गेले. मग ही भूतदया कीं उधळपट्टी? हा आक्षेप केवळ पुस्तकी नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश सेनापतींनीं असें धोरणच धरलें होतें कीं जखमींस आणणें हें ज्यांचें नेमलेलें काम नाहीं त्यांस तेवढ्याच कारणावरून व्हिक्टोरिया क्रॉस देऊं नये. चांगले शिपाई आपली जागा सोडून जखमींमागें जातात आणि नाहक मरतात अशी भीति त्यांच्या मनांत होती. ज्यांच्या शिरावर हजारों जिवांची जबाबदारी आहे त्यांस असा विचार करावा लागतो, हें आम्ही मान्य करतों.

ह्या आक्षेपास एक उत्तर हिशेबाच्याच भाषेंत देतां येतें. आपण पडलों तर कोणी तरी येईल, हा भरंवसा ज्या पलटणींत असतो तींतील शिपाई पाऊल पुढें टाकतो. जेथें तो भरंवसा नसतो तेथें प्रत्येकजण आधीं स्वतःची सोय पाहतो. म्हणून एका जखमीसाठीं केलेली खेप ही साऱ्या पलटणीच्या धीरांत पडलेली भर असते. हें उत्तर खरें आहे. पण तेवढ्यावर आमचें समाधान होत नाहीं. उद्यां कोणीं सिद्ध करून दाखविलें कीं जखमींस टाकून दिल्यानें लढाई लवकर जिंकली जाते, तर आम्ही त्यांस टाकून द्यावयास सांगूं काय? मन सांगतें कीं नाहीं. मग आमच्या मनांतील खरें कारण कांहीं निराळेंच असलें पाहिजे.

तें कारण आम्हांस असें दिसतें. बैल नांगरास चालेनासा झाला कीं शेतकरी त्याची किंमत उतरली असें म्हणतो. आणि तरीही कित्येक शेतकरी म्हाताऱ्या बैलास दाव्याला बांधून मरेपर्यंत वैरण घालतात. बैलाविषयीं जें त्यांस वाटतें तें मनुष्याविषयीं किती अधिक वाटावयास पाहिजे? मनुष्याचें मोल तो काय काम करूं शकतो ह्यावर ठरत नाहीं. जखमी शिपाई आतां बंदूक उचलूं शकत नाहीं, पण तो मनुष्य होता तो मनुष्यच आहे. किंबहुना ज्या घटकेस त्याचा कोणासही कांहीं उपयोग उरत नाहीं त्याच घटकेस आपण त्यास मनुष्य समजत होतों कीं हत्यार, हें उघड होतें. त्याला उचलावयास जाणारा शिपाई तोंडानें एक अक्षरही न बोलतां ह्या प्रश्नाचें उत्तर देतो.

तथापि आक्षेपांत जो सत्याचा अंश आहे तोही सोडतां कामा नये. शौर्य आणि आततायीपणा ह्यांत अंतर आहे. वरील गोष्टी वाचकांनीं पुन्हा पाहिल्या तर त्यांत केवढा धीर व विचार आहे हें दिसेल. थापा धुक्याची वाट पाहत रात्रभर थांबले. लाला अंधार पडेपर्यंत थांबले. १३ जानेवारी १९१६ रोजीं मेसोपोटेमियांतच वादीच्या लढाईंत नवव्या भोपाळ पलटणीचे शिपाई छत्ता सिंग आपल्या जखमी सेनाधिकाऱ्यापाशीं गेले, त्याची जखम बांधिली, आणि हातांतील लहान खणतीनें त्याच्यासाठीं जमीन खणून आडोसा केला. मग पांच तास, रात्र पडेपर्यंत, ज्या बाजूनें गोळ्या येत होत्या त्या बाजूस स्वतःचें अंग आड करून ते त्याच्याजवळ राहिले, आणि काळोख झाल्यावर मदत घेऊन आले. एका उसळीसरशीं त्यास उचलून पळत सुटणें हें दिसावयास अधिक शूरपणाचें असतें. पण त्यांत दोघेही मेले असते असाच संभव अधिक. आपला जीव टाकून देणें वेगळें आणि दुसऱ्याच्या जिवासाठीं तो पणास लावणें वेगळें. जो खरोखर दुसऱ्यास वांचवूं इच्छितो तो स्वतःच्या जिवाचाही सांभाळ करतो, कारण तो जीव ह्या घटकेस दोघांचा आहे.

थापांच्या गोष्टींत आणखी एक कठीण प्रश्न दडलेला आहे. जखमी मनुष्य स्वतःच म्हणाला कीं तूं जा. ज्याच्यासाठीं आपण कष्टतों त्यानेंच आपल्यास मोकळें केलें तर आपण मोकळे होतों काय? हा प्रश्न प्रत्येक घरांत उभा राहतो. अंथरुणास खिळलेली म्हातारी सासू म्हणते, माझ्यापायीं तुम्ही दवाखान्याचा खर्च करूं नका. शहरांत मजुरीस गेलेल्या मुलास बाप सांगतो, मी बरा आहें, तूं रजा काढून येऊं नको. हे शब्द ऐकून ज्यास मनांतून सुटल्यासारखें वाटतें त्यानें आपलें मन तपासून पाहावें. असें बोलणारा आपला हक्क सोडीत असतो, आणि तो त्याचा मोठेपणा होय. पण त्यानें हक्क सोडला म्हणून आमचें कर्तव्य सुटत नाहीं. त्याच्या मोठेपणावर आम्हीं आपला आळस पोसावा हें तर फारच हीन. थापा त्या शिपायाच्या शब्दांशीं वाद घालीत बसले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. ते नुसते तेथेंच बसून राहिले. पुष्कळदां एवढेंच उत्तर पुरेसें असतें.

आतां सेनिओच्या तीरावर परत जाऊं, कारण तेथें एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे आणि ती टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दोघां जखमींस पोंचविल्यानंतर नामदेव जाधव तिसऱ्यांदा पुढें गेले, पण ह्या वेळीं कोणास आणण्यासाठीं नव्हे. मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यावा आणि कंपन्यांना अडवून धरणाऱ्या मशीनगन बंद पाडाव्या, ह्या निश्चयानें ते जवळच्या ठाण्यावर धावून गेले आणि टॉमीगननें तें त्यांनीं बंद पाडिलें. हातास जखम होऊन बंदूक चालेनाशी झाली तेव्हां ती टाकून देऊन त्यांनीं हातगोळ्यांनीं आणखी दोन ठाणीं उडविलीं. शेवटीं उखळी तोफांच्या माऱ्यांत बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांस नदी ओलांडण्याची खूण केली. त्यामुळें पुष्कळांचे प्राण वांचले. त्यांच्या पदकाच्या सरकारी हकीकतींत ह्या तिन्ही खेपा एकापुढें एक लिहिल्या आहेत.

ज्या हातांनीं दोघांस उचललें त्याच हातांनीं घटकाभरानें कित्येकांस मारिलें. ह्याबद्दल काय म्हणावें? त्या काठावर आम्ही नव्हतों, आमचे सोबती डोळ्यांदेखत मेले नव्हते; म्हणून घरीं बसून त्या तेवीस वर्षांच्या तरुणाचा न्याय करावयास आम्हीं बसूं नये. परंतु विचार करण्याचें ओझें मात्र आमच्यावर आहे. कोणी म्हणतील, तिसरी खेप झाली म्हणूनच पहिल्या दोहोंस अर्थ आला, कारण लढाई तिनेंच जिंकिली. हें आम्हांस पटत नाहीं. तिसरी खेप घडली नसती, दुसऱ्या जखमीस ठेवून जाधव तेथेंच कोसळले असते, तरी त्या दोन खेपा जशा आहेत तशाच पूर्ण होत्या. ज्यांस त्यांनीं पाठीवर आणिलें त्या दोघांस विचारलें असतें तर त्यांनीं हेंच सांगितलें असतें.

ह्या म्हणण्यास बळकटी देणारी एक गोष्ट त्याच युद्धांत, जेमतेम महिनाभरांत, जगाच्या दुसऱ्या टोंकास घडली. जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकन सैन्यांत डेझमंड डॉस नांवाचे एक वैद्यकीय मदतनीस होते. मनुष्यास मारूं नये ही आज्ञा त्यांनीं अक्षरशः मानिली होती, आणि सैन्यांत येऊनही हत्यार धरण्यास त्यांनीं साफ नकार दिला होता. ह्या हट्टापायीं सोबत्यांनीं त्यांची हेटाळणी केली. पुढें १९४५ च्या मे महिन्यांत माएदा येथील कड्यावर त्यांच्या तुकडीस माघार घ्यावी लागली, तेव्हां ते वरच राहिले आणि एकेका जखमीस दोराला बांधून कड्याखालीं सोडूं लागले. सरकारी हकीकतींत हा आंकडा सुमारें पंच्याहत्तर दिला आहे. नंतर २१ मे रोजीं ते स्वतः जखमी होऊन स्ट्रेचरवर नेले जात असतां वाटेंत त्यांस आपल्याहून वाईट अवस्थेंतला एक मनुष्य दिसला. तेव्हां ते स्ट्रेचरवरून खालीं उतरले आणि आधीं त्यास न्या म्हणाले. तेथें पडल्या पडल्या त्यांच्या हाताचें हाड गोळीनें मोडलें, आणि तो हात त्यांनीं बंदुकीच्या दस्त्यास बांधून आधार दिला. बंदुकीचा त्यांनीं केलेला उपयोग तो एवढाच.

एकानें हत्यार धरिलें, दुसऱ्यानें धरिलें नाहीं. हत्यार धरावें कीं न धरावें ह्यावर भल्या माणसांत मतभेद आहेत आणि ते ह्या लेखानें मिटणार नाहींत. परंतु ज्या ठिकाणीं हे दोघे एक आहेत तें ठिकाण वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ते दोघेही परत गेले. व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक १८५६ सालीं निघाल्यापासून दोन वेळां तें मिळविणारे केवळ तिघे झाले. त्यांतील दोघे, आर्थर मार्टिन-लीक व नोएल शावास, हे सैन्यांतील डॉक्टर होते आणि गोळीबारांत जखमींची सेवा केल्याबद्दल त्यांस तें मिळालें. शावास हे तर दुसऱ्या पदकाच्या कामगिरींतच घायाळ होऊन १९१७ च्या ऑगस्टांत मरण पावले. एवढें काटेकोर धोरण आंखणाऱ्या सैन्यासही शेवटीं मान लववावी लागली ती अशा माणसांपुढें.

अखेरचा प्रश्न असा कीं सोबती म्हणावें तरी कोणास? थापांनीं ज्याच्यासाठीं रात्र काढिली तो त्यांच्या पलटणीचा नव्हता, देशाचा नव्हता, भाषेचा नव्हता. उत्तर इटलींतच, सेनिओच्या लढाईच्या शहाऐंशी वर्षें आधीं, २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनोची मोठी लढाई झाली. तिच्यांतील हजारों जखमी कास्तिल्योने गांवांत आणिले गेले, तेव्हां गांवच्या स्त्रियांनीं मित्र कोण, शत्रू कोण, हें न पाहतां सर्वांस पाणी दिलें आणि जखमा धुतल्या. सारे भाऊच आहेत असें त्या म्हणत. हें पाहणाऱ्या आंरी द्युनां ह्या जिनीव्हाच्या व्यापाऱ्याच्या मनांत जो विचार रुजला त्यांतून १८६३ सालीं रेड क्रॉस संस्थेचा आरंभ झाला, आणि १८६४ सालीं जखमी शिपाई कोणत्याही बाजूचा असो त्याची शुश्रूषा व्हावी असा करार राष्ट्रांनीं केला. म्हणजे खेड्यांतल्या बायकांनीं जें सहज केलें तें पुढें राष्ट्रांस कायदा करून शिकावें लागलें.

आणि आमच्या खेड्यांचें काय? पाठीवर घेणें म्हणजे स्पर्श करणें. रक्ताचिखलांत पडलेल्यास जात विचारण्यास कोणास सवड नसते, आणि ज्याचा प्राण जात आहे तो उचलणाऱ्याची जात विचारीत नाहीं. आपल्याकडील कित्येक पिढ्यांचे शिपाई परमुलुखांत हें शिकले; आणि त्यांतील कित्येकांस गांवीं परत आल्यावर त्याच पाणवठ्यावर दूर उभें राहावें लागलें. १९५० सालीं संविधानानें अस्पृश्यता नाहींशी केली. परंतु कायदा हात धरून कोणास उचलावयास लावूं शकत नाहीं. जो स्पर्श रणांत धर्म ठरतो तो चावडीपुढें अडचणीचा कां वाटावा, ह्याचें उत्तर प्रत्येक गांवानें आपलें आपण शोधिलें पाहिजे.

रणांगण आपल्यापासून दूर आहे असें कोणीं समजूं नये. तें आपल्या गांवावरून जाणाऱ्या डांबरी सडकेवरच आहे. मोटारसायकलचा अपघात होतो. माणसें गोळा होतात. कोणी मोबाइलवर चित्र घेतो. आणि पोलिसांचें झंगट मागें लागेल म्हणून हात लावावयास कोणी धजत नाहीं. ही भीति आतां निराधार आहे. अपघातांतील जखमीस मदत करणाऱ्याचें रक्षण करणारे नियम सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक ठरविले, आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत तसें कलमच घालण्यांत आलें. सद्भावनेनें जखमीस दवाखान्यांत नेणाऱ्यावर खटला होत नाहीं, आणि आपलें नांव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करतां येत नाहीं. अशा मदत करणाऱ्यास ह्या कायद्यानें जें इंग्रजी नांव दिलें आहे त्याचा अर्थ चांगला शोमरोनी असाच होतो. ती गोष्ट आमच्या वाचकांस लहानपणापासून पाठ आहे. ज्यांस ती पाठ आहे त्यांनींच सडकेच्या कडेनें निघून जावें, ह्याहून लाजिरवाणें दुसरें काय असेल?

पण सडकेवरची मदत ही बहुधा पहिलीच खेप असते. आमच्यांत उणीव आहे ती दुसरीची. क्षयाच्या रोग्याचें औषध साधारणपणें सहा महिने चालतें. पहिल्या आठवड्यांत त्याच्या दारीं माणसें मावत नाहींत; तिसऱ्या महिन्यांत गोळ्यांनीं जीव नकोसा होऊन तो औषध टाकूं पाहतो, तेव्हां त्याच्या ओट्यावर कोण बसलेलें असतें? विधवेच्या घरीं दहा दिवस भाकरी जाते. अकराव्या दिवशींही मुलांस भूक लागतेच. दारू सोडलेला मनुष्य पुन्हा घसरला म्हणजे पहिल्या वेळीं ज्यांनीं त्यास उचललें तेच म्हणतात, आतां ह्याच्यासाठीं काय करावयाचें? एकदां केलेल्या उपकाराच्या आठवणीवर आम्हीं वर्षानुवर्षें समाधान मानतों. त्या तरुण शिपायानें पहिल्या जखमीस ठेविल्यावर असेंच समाधान मानिलें असतें तर दुसरा नदीच्या काठीं तसाच राहिला असता.

निमज गांवच्या त्या शिपायाचें नांव आज पुष्कळांस ठाऊक नसेल. ते १९८४ सालीं निवर्तले. त्यांच्यासारखें शौर्य दाखविण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर येणार नाहीं, आणि येऊंही नये. परंतु ह्या आठवड्यांत प्रत्येक वाचकानें आपल्या मंडळींत, आपल्या गल्लींत, ज्याच्याकडे आपण पूर्वीं एकदां जाऊन आलों आणि मग गेलों नाहीं असा एक मनुष्य आठवून पाहावा. तो अजून तेथेंच आहे. त्याच्याकडे जाण्याची वाटही आपणांस ठाऊक आहे.